दुसरा ग्रंथपट

(अभ्यासवर्गासाठी व उपदेशकांसाठी पाठ)

वाचावयाचा शास्त्रभाग : यिर्मया, अध्याय ३६. सोबत यिर्मया ४५ व गलतीकरांस पत्र ६:९ हेही वाचावे.

पाठाचा हेतू : केलेले काम नष्ट झाले असता सेवकाने काय करावे, आणि यश कशास म्हणावे, हे समजून घेणे.



मृगाचा पाऊस पडला, पेरणी झाली, कोंब वर आले आणि मग पावसाने ओढ दिली, तर शेतकरी काय करतो हे आपणांस कोणी शिकवावयास नको. कोंब करपतात. घरधनी बांधावर बसतो व दोन दिवस कोणाशी बोलत नाही. पुढे आभाळ भरून आले म्हणजे तोच मनुष्य उठतो, कोणाकडून तरी बियाणे उसने आणतो आणि पुन्हा तिफण जुंपतो. पहिली पेरणी आनंदाने होते, तिच्यात गाणी असतात. दुबार पेरणी मुकाट्याने होते. परंतु त्या वर्षी घरात जे धान्य येते ते ह्या मुकाट्याने केलेल्या पेरणीचेच असते.

प्रभूच्या मळ्यातही दुबार पेरणीचे प्रसंग येतात. वर्षानुवर्षे जमविलेला वर्ग मोडतो. शिकविलेली मुले परगावी जातात. बाप्तिस्म्यासाठी तयार झालेले कुटुंब भाऊबंदांच्या धाकाने मागे फिरते. अशा वेळी उपदेशकाच्या मनात एकच प्रश्न उभा राहतो : हे सर्व पुन्हा पहिल्यापासून करावयाचे काय? आजचा पाठ ह्या प्रश्नाविषयी आहे.

१. राजाने जाळलेला पट

यहूदाचा राजा यहोयाकीम ह्याच्या कारकिर्दीच्या चौथ्या वर्षी परमेश्वराने यिर्मयास आज्ञा केली की, आजवर दिलेली सर्व वचने ग्रंथपटावर लिहून काढ. यिर्मया तोंडाने सांगे आणि बारूख लेखक शाईने लिही. संदेष्ट्यास मंदिरात जाण्याची मोकळीक नव्हती, म्हणून पुढील वर्षी नवव्या महिन्यात उपासाच्या दिवशी बारूखाने तो पट लोकांसमोर वाचला. ही वार्ता राजवाड्यात पोहोचली. थंडीचे दिवस होते, राजासमोर शेगडी पेटली होती. पटाचे तीन-चार स्तंभ वाचून होताच राजा ते चाकूने कापी व निखाऱ्यांवर टाकी. असे करता करता सगळा पट जळून गेला. तिघा सरदारांनी विनंती केली, पण राजाने ऐकिले नाही.

कित्येक महिन्यांचे ते श्रम होते. त्या काळी दुसरी प्रत सहज काढून ठेवता येत नसे. बारूखाची दशा कशी असेल? तो आधीच थकलेला व कण्हत असलेला मनुष्य होता, हे अध्याय ४५ वरून आपणांस कळते. तरी पुन्हा आज्ञा झाली, यिर्मयाने दुसरा पट घेतला, तो त्याच बारूखाच्या हाती दिला, आणि पहिल्या पटातील सर्व वचने त्यात लिहिली गेली. शेवटच्या वचनात आणखी एक गोष्ट नमूद आहे. तशाच प्रकारची पुष्कळ वचने त्यात अधिक घालण्यात आली. म्हणजे दुसरा पट पहिल्याहून मोठा झाला.

राजाने कातडे किंवा कागद जे काही होते ते जाळले. सांगणारे तोंड, लिहिणारा हात व सांगावयास लावणारा देव हे तिन्ही शिल्लक राहिले. हा ह्या पाठाचा गाभा आहे. आता हीच गोष्ट आपल्या देशात, सुमारे दोन शतकांपूर्वी घडलेल्या एका प्रसंगात पाहू.

२. श्रीरामपूरचा अग्नी

येथे श्रीरामपूर म्हणजे नगरकडील गाव नव्हे. हे श्रीरामपूर बंगाल्यात कलकत्त्याजवळ हुगळी नदीच्या काठी आहे. तेथे विल्यम केरीसाहेब आपले सोबती मार्शमन व वॉर्ड ह्यांच्यासह राहत असत.

केरीसाहेबांचा जन्म १७६१ साली इंग्लंडातील नॉर्थॅम्प्टनशायर परगण्यात एका विणकराच्या घरी झाला. चौदाव्या वर्षी ते जोडे शिवण्याचा धंदा शिकावयास राहिले. जोडे शिवता शिवता पुस्तक जवळ ठेवून त्यांनी लॅटिन, ग्रीक व इब्री ह्या भाषा आपल्या आपण शिकून घेतल्या. १७९३ च्या नोव्हेंबर महिन्यात ते बंगाल्यात उतरले. पहिली सात वर्षे त्यांस एकही बंगाली विश्वासी लाभला नाही. १८०० सालच्या २८ डिसेंबर रोजी कृष्ण पाल नावाच्या सुताराचा बाप्तिस्मा झाला, तो पहिला.

श्रीरामपूर तेव्हा डेन्मार्कच्या राजाच्या अमलाखाली होते. तेथे त्यांनी छापखाना घातला आणि १८०१ साली बंगाली नवा करार छापून काढिला. आपल्या मराठी भाषेवरही केरीसाहेबांचे ऋण आहे. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात ते बंगाली व संस्कृत ह्यांबरोबर मराठीही शिकवीत. वैजनाथ शर्मा ह्या पंडितांच्या साहाय्याने त्यांनी मराठीचा अभ्यास केला. १८०५ साली मराठीचे व्याकरण, १८१० साली मराठी-इंग्रजी कोश आणि १८११ साली मराठी नवा करार श्रीरामपुरास छापला गेला.

ह्यानंतर एकच वर्ष लोटले. १८१२ च्या मार्च महिन्याची ११ तारीख होती. सायंकाळी छापखान्याच्या कागदाच्या कोठारातून धूर निघू लागला. केरीसाहेब त्या दिवशी कलकत्त्यास होते. वॉर्ड व मार्शमन ह्यांनी आग गुदमरावी म्हणून दारे-खिडक्या बंद करविल्या आणि छपरास भोक पाडून वरून पाणी ओतविले. आग जवळजवळ आटोक्यात आली होती. इतक्यात कोणी तरी खिडकी उघडली, वारा आत शिरला आणि ज्वाळा सर्वत्र पसरल्या. मध्यरात्रीच्या सुमारास छप्पर कोसळले.

मनुष्यहानी झाली नाही. परंतु विलायतेहून आलेला कागदाचा मोठा साठा, अनेक भाषांचे खिळे आणि, सर्वांत दुःखाची गोष्ट म्हणजे, हस्तलिखिते जळून गेली. त्यांत पंजाबी व तेलुगू भाषांची व्याकरणे होती, शास्त्राची भाषांतरे होती, आणि संस्कृतापासून निघालेल्या भाषांचा एक मोठा तौलनिक कोश होता. त्या कोशावर केरीसाहेबांनी अनेक वर्षे खर्च केली होती. एकंदर नुकसान सुमारे १०,००० पौंडांचे झाले, असा अंदाज करण्यात आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मार्शमनसाहेब कलकत्त्यास गेले व त्यांनी ही बातमी सांगितली. केरीसाहेब त्याच दिवशी परत आले. राखेच्या ढिगाऱ्यासमोर उभे असता त्यांच्या डोळ्यांस पाणी आले. विश्वासी मनुष्याने रडू नये असे कोणी समजू नये. येशूही लाजराच्या कबरेपाशी रडला. पुढील रविवारी केरीसाहेबांनी ४६ व्या स्तोत्राच्या १० व्या वचनावर उपदेश केला. आपण देवाचे आहो, आपल्या कामाचे काय करावे हा अधिकार त्याचा आहे, आणि त्यापुढे शांत राहणे हे आपले कर्तव्य आहे, असा त्याचा आशय होता.

३. राखेत काय उरले

आता पुढील गोष्ट नीट लक्षात घ्यावी. वॉर्डसाहेबांनी राख उपसण्यास आरंभ केला. त्या राखेत वितळलेल्या शिशाचे गोळे सापडले, आणि त्यांबरोबर अक्षरांचे मूळ पोलादी ठसे हजारोंनी शाबूत सापडले.

ह्याचा अर्थ समजण्यासाठी छापखान्याचे काम कसे चाले हे ठाऊक पाहिजे. प्रथम कारागीर पोलादाच्या टोकावर अक्षर उलटे कोरी. तो ठसा तांब्याच्या तुकड्यावर ठोकला म्हणजे अक्षराचा साचा तयार होई. त्या साच्यात वितळलेले शिसे ओतले म्हणजे खिळा तयार होई. अशा खिळ्यांच्या ओळी जुळवून पान छापीत. खिळा मऊ धातूचा असल्यामुळे थोड्याच आचेने वितळतो. ठसा मात्र पोलादाचा असतो. एका ठशापासून साचे करून हजारो खिळे पुन्हा ओतता येतात.

हे ठसे कोणी कोरले होते? पंचानन कर्मकार ह्या बंगाली लोहाराने आणि त्याच्या हाताखाली शिकलेल्या कारागिरांनी. पंचानन आगीच्या कित्येक वर्षे आधीच वारला होता. तथापि त्याचा जावई मनोहर ही विद्या शिकून तयार होता. अशा रीतीने ठसे उरले, ठसे कोरणारे हातही उरले. दाबयंत्रे शेजारच्या भागात होती म्हणून तीही वाचली. जवळच एक मोठी वखार रिकामी झाली होती, तिच्यात काम सुरू झाले. वितळलेल्या शिशापासून पुन्हा खिळे ओतण्यात आले आणि त्याच वर्षी छपाई चालू झाली. विलायतेत ही वार्ता पोहोचल्यावर तेथील मंडळ्यांनी दोन महिन्यांच्या आत सर्व नुकसान भरून निघेल इतका पैसा गोळा केला.

बंधूंनो, संकटानंतर पहिले काम हे की राख उपसावी. आपण बहुधा राखेकडे पाहून परत फिरतो. किती गेले ह्याचा हिशेब आपण रात्रभर करितो, आणि काय उरले ह्याचा हिशेब करावयास सकाळी उठत नाही.

४. आपल्याकडील एक गोष्ट

आमच्या भागातील एका कोरडवाहू गावी एक उपदेशक रात्रीचा वर्ग चालवीत असे. तीन वर्षे खपून त्याने चौदा जण जमविले होते. त्यांत मोठी माणसे होती, पोरेही होती. एका वर्षी पाऊस गेला. विहिरी आटल्या. दसऱ्यानंतर एकेक कुटुंब उसाच्या फडावर निघून गेले. वर्गात दोनच मुले उरली. तो उपदेशक माझ्याकडे आला व त्याने राजीनाम्याचा कागद माझ्यापुढे ठेविला. तो म्हणाला, “पाळकसाहेब, तीन वर्षांचे काम आठ दिवसांत संपले. आता माझ्याने पुन्हा आरंभ होणार नाही.”

मी त्यास उपदेश केला नाही. जेवू घातले आणि मग विचारले, “दादा, गेलेल्या बारांपैकी वाचता किती जणांस येत होते?” तो मोजू लागला. नऊ निघाले. मी म्हटले, “ते नऊ जण फडावर गेले, तेव्हा वाचन तुझ्या खोलीत ठेवून गेले की बरोबर घेऊन गेले?” तो बराच वेळ गप्प बसला. मग त्याने कागद उचलून खिशात ठेविला. फाडला नाही, खिशात ठेविला, हे मी मुद्दाम सांगतो. धीर एका रात्रीत येत नसतो.

त्या हिवाळ्यात त्याने दोनच मुलांस शिकविले. उन्हाळ्यात काही कुटुंबे परत आली, चार आली नाहीत. परत आलेल्यांकडून कळले की, फडावरील पालात रात्री कंदिलाजवळ एक जण इतरांची पत्रे वाचून दाखवीत असे, आणि रविवारी शुभवर्तमानातील एक भाग वाचीत असे. ही गोष्ट उपदेशकास ठाऊकही नव्हती.

आणखी एक फरक पडला. पूर्वी तो मुळाक्षरे घोकून घेत असे व त्यात महिने जात. आता तो प्रत्येकास प्रथम स्वतःचे नाव लिहावयास शिकवू लागला, आणि त्या नावातील अक्षरांपासून पुढे जाऊ लागला. त्याने मला सांगितले, “पहिल्या तीन वर्षांत मी जितके शिकविले, त्याहून अधिक मी स्वतः शिकलो.”

५. दुसऱ्या वेळची वाट

केरीसाहेबांचा अनुभवही असाच होता. आगीनंतर लिहिलेल्या पत्रात त्यांनी असा विचार मांडला की, एकदा चाललेल्या वाटेने दुसऱ्यांदा चालणे अधिक सोपे व खात्रीचे असते, म्हणून पुन्हा केलेली भाषांतरे पहिल्यापेक्षा निर्दोष होतील. त्यांनी नुसता विचारच मांडला नाही. पंजाबी व्याकरण त्याच वर्षी, म्हणजे १८१२ साली प्रसिद्ध झाले, आणि तेलुगू व्याकरण १८१४ साली. हेच ते दुसरे ग्रंथपट.

आपल्या अंगी विशेष बुद्धी आहे असे केरीसाहेब कधी म्हणत नसत. आपल्या पुतण्यास त्यांनी सांगितले होते की, नेटाने पाय ओढीत चालत राहणे एवढाच गुण माझ्या अंगी आहे. हा गुण शाळेत मिळत नाही व मिशनच्या पगारात मोजला जात नाही. परंतु तो गरिबांतील गरीब उपदेशकासही लाभू शकतो.

तथापि सत्य सांगितले पाहिजे. सर्वच काही परत मिळाले नाही. तो मोठा तौलनिक कोश पुन्हा कधीच तयार झाला नाही. मराठी नव्या कराराचेही पाहा. मुंबईकडील लोकांस त्याची भाषा सोयीची वाटेना. ज्या १८१२ साली आग लागली, त्याच साली गॉर्डन हॉल हे अमेरिकन मिशनरी कलकत्त्यास उतरले व पुढील वर्षी मुंबईस आले. त्यांनी व त्यांच्या सोबत्यांनी मराठीत नवे भाषांतर आरंभिले, ते १८२६ साली छापून पुरे झाले. हॉलसाहेब त्याच वर्षी पटकीने वारले. पुढे पंडिता रमाबाईंनी केडगावास आणखी एक भाषांतर सिद्ध केले, आणि ते काम पुरे करून १९२२ साली त्या प्रभूकडे गेल्या.

मग केरीसाहेबांचे मराठी काम फुकट गेले काय? नाही. ते पहिली पेरणी होते. ज्याने पहिला पट लिहिला त्याचे नाव दुसऱ्या पटावर असलेच पाहिजे असा नियम नाही. तुम्ही आरंभिलेला वर्ग उद्या दुसरा कोणी अधिक चांगला चालवील. त्यास अपयश म्हणू नये. वचन लोकांपर्यंत पोहोचणे हे यश होय. ते आपल्याच हातून पोहोचावे हा हट्ट होय.

६. चिकाटी आणि हट्ट

ह्या दोहोंतील भेद आणखी एका बाजूने पाहणे अवश्य आहे. केरीसाहेबांच्या पत्नी डॉरथीबाई हिंदुस्थानात येण्यास प्रथम राजी नव्हत्या. १७९४ साली त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर तापाच्या व हगवणीच्या आजाराने वारला. त्यानंतर त्या बाईंचे मन ठिकाणावर राहिले नाही, आणि १८०७ साली मरण येईपर्यंत त्या त्याच स्थितीत होत्या. ज्या घरात भाषांतरे होत होती त्याच घरात हे दुःखही होते. हे वगळून केरीसाहेबांची स्तुती करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

म्हणून उपदेशक बंधूंस माझे सांगणे आहे. तुम्ही रात्री उशिरापर्यंत वाड्यावस्त्यांवर फिरता, ते चांगले आहे. परंतु घरी चूल पेटली की नाही, आजारी लेकरास दवाखान्यात कोणी नेले, हेही विचारीत जा. आपल्या चिकाटीची किंमत आपण द्यावी. ती दुसऱ्याच्या गळ्यात बांधू नये. थकवा आला तर सोबत्याजवळ बोलावे, विसावा घ्यावा. एलियासही देवाने प्रथम झोप व भाकर दिली, आणि काम मागाहून सांगितले.

७. सारांश

(अ) काम नष्ट झाले तर दुःख करावे, परंतु राखेपाशीच घर बांधू नये.

(आ) खिळे वितळतात, ठसे राहतात. इमारत, पट व हजेरीपुस्तक हे खिळे आहेत. शिकलेला मनुष्य, शिकविणाऱ्याचा अनुभव व देवाची आज्ञा हे ठसे आहेत.

(इ) दुसऱ्यांदा काम करिताना पहिल्या वेळची चूक शोधावी. दुसरा पट पहिल्याहून मोठा व्हावा.

(ई) आपल्यानंतर तेच काम दुसऱ्याने अधिक चांगले केले तर उपकार मानावे.

चर्चेसाठी प्रश्न

१. यिर्मयाचा पट जळाला तेव्हा कोणत्या तीन गोष्टी जळाल्या नाहीत?

२. आपल्या मंडळीत गेल्या पाच वर्षांत कोणते काम मोडले? त्यातून काय उरले आहे? उरलेल्याची यादी वर्गात मोठ्याने करावी.

३. चिकाटी व हट्ट ह्यांतील भेद आपल्या गावातील उदाहरण घेऊन सांगा.

४. आपल्या उपदेशकाच्या घरी ह्या महिन्यात काय अडचण आहे? ती मंडळीस ठाऊक आहे काय?

वर्ग संपल्यावर दुसऱ्या प्रश्नाची यादी कागदावर लिहून काढावी व पुढील रविवारी प्रार्थनेच्या वेळी वाचावी. ज्याचे बी करपले असेल त्याने तीतील एक तरी नाव निवडावे आणि येत्या आठवड्यात त्याच्या दारी जावे. दुबार पेरणी तेथूनच सुरू होते. ज्या देवाने बारूखाच्या थकल्या हातात दुसरा पट दिला, तो आपल्याही हातास बळ देवो. आमेन.